नावाच्या जागी विशेषण

दरवर्षी दिवाळीच्या आधी चार-सहा दिवस आमच्या घरात एक लिखाण तयार होते. ते कुठल्या मासिकाकडे जात नाही, त्याला मानधन मिळत नाही, आणि त्यावर आजवर कुणी टीकाही लिहिलेली नाही. ते लिखाण म्हणजे फराळाच्या डब्यांची यादी. कुणाकडे चकल्या किती जायच्या, कुणाला बेसनाचे लाडू सोसत नाहीत, कुणाचा गेल्या वर्षीचा डबा अजून आपल्याकडेच पडून आहे, हा सारा मजकूर आमची मंडळी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने उतरवून ठेवतात. यंदा नवी यादी करायला बसताना गेल्या वर्षीची यादी फडताळातून निघाली. ती सहज वाचू लागलो, आणि वाचता वाचता चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचली. जन्मभर लोकांच्या कथा-कादंबऱ्या तपासल्या. घरच्या वाङ्मयाकडे मात्र लक्ष दिले नाही, याची थोडी शरमही वाटली.

यादी अशी होती : पाटील वहिनी. जोशीकाका (बिनसाखरेचे). कुलकर्ण्यांच्या माई. देशमुख मास्तर. मग एक रेघ, आणि रेघेखाली : मद्रासी, तिसरा मजला. सिंधी, दुकानवाले. भय्या, दूध. कामवाली. नेपाळी, गेट.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आमचे घर कुणाचा द्वेष करणारे नव्हे. रेघेवरच्यांना आणि रेघेखालच्यांना चिवडा एकाच पातेल्यातला गेला होता. किंबहुना गेटवरच्या डब्यात दोन लाडू जास्तच होते, अशी नोंद समोर आहे. अन्नात भेद नव्हता. भेद अक्षरांत होता. रेघेवर माणसाला आडनाव आहे आणि आडनावापुढे नाते आहे. रेघेखाली नाव गेले, नाते गेले. उरला तो प्रांत, धंदा, किंवा चेहऱ्याची ठेवण. ‘वंश’ हा शब्द आपल्याकडे बहुधा पुस्तकातच राहतो. घरात आणि रस्त्यावर त्याचे काम जात, प्रांत आणि चेहरा हे तिघे मिळून करतात.

यावरून आमच्या घरात जो वाद झाला तो बहुतेक घरांत होत असेल. आमच्या मंडळींचे म्हणणे : “यात वाईट ते काय? माणूस ओळखू यायला नको? तिसऱ्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं आहेत.” आमच्या चिरंजिवांचे म्हणणे : “आई, हल्ली असं म्हणतच नाहीत. कुणाची जात, प्रांत, बाई की पुरुष, हे काढायचंच नाही.” दोघेही आपापल्या परीने सज्जन. एकीच्या मते वर्णन म्हणजे निव्वळ वर्णन. दुसऱ्याच्या मते वर्णन हाच अपमान. मी टीकाकाराच्या जातीचा असल्यामुळे (ही जात मात्र मी स्वतः पत्करलेली आहे!) मला दोघांचेही पुरते पटेना.

आधी मंडळींची बाजू घेऊ. शब्द मूळचे निरागस असतात हे खरेच आहे. ‘भय्या’ या शब्दाचा अर्थ काय? भाऊ! याहून गोड संबोधन ते कोणते असावे? आणि ‘बाई’? मराठीत या शब्दाने मोठा मान भोगला आहे. अहिल्याबाई, सावित्रीबाई, शाळेतल्या आपल्या बाई. तोच शब्द ‘आमच्याकडे बाई ठेवली आहे’ या वाक्यात आला की त्याच्या अंगावरचे लुगडे बदलते. शब्द तोच, अक्षरे तीच. बदलला तो आवाज, आणि बोलणारा व ऐकणारा यांच्यामधली उंची.

कुणाला हे बारीकसारीक वाटत असेल तर त्याने ‘घाटी’ हा शब्द आठवून पाहावा. घाटावरचा तो घाटी. भूगोलाच्या पुस्तकात घालावा इतका सरळ शब्द. पण मुंबईत पोटासाठी गेलेल्या आपल्या आजा-पणजांना तो कसा लागला, हे ज्या घरांनी सोसले त्यांना सांगायला नको. ‘घाटी’ ऐकून ज्याचे कान तापले, त्याला ‘भय्या’ म्हणजे नुसता भाऊ, हा युक्तिवाद कितपत शोभतो? सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली जातिवाचक शब्दाने हाक मारण्याच्या एका खटल्यात असेच म्हटले होते. शब्दाची व्युत्पत्ती काय, यापेक्षा आज लोक तो कोणत्या अर्थाने उच्चारतात हे पाहावे, असा त्या निकालाचा आशय. कोश शब्दाचा जन्म सांगतो. त्याची आजची चाल सांगायला चौकातच उभे राहावे लागते.

आमचा चौक तर या विद्येची शाळाच आहे. पिंपरी-चिंचवड हे गावच मुळी बाहेरून आलेल्यांनी भरलेले. मोरया गोसावींचे चिंचवड, आणि भोवती पिंपरी, आकुर्डी, भोसरी, निगडी ही शेतकऱ्यांची खेडी. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी बांधवांची छावणी बसली. बाजाराचे ‘पिंपरी कॅम्प’ हे नाव त्या छावणीची खूण आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली, १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ मोठमोठे वाहन-कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि कारखान्यांची रांग पुढे सरकत सरकत चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारापर्यंत जाऊन भिडली. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध लढवला होता. आता त्याच परिसरात सकाळच्या पाळीला सायकली आणि बसगाड्या भरभरून माणसे उतरतात. त्यांत बिहारचे असतात, ओडिशाचे असतात, आणि लातूर-बीड-जळगावचेही असतात.

या शेवटच्यांची गंमत ध्यानात घ्यावी. लातूरचा मुलगा मराठी बोलतो, पंढरीची वारी करतो, आणि तरीही इथे आला की ‘बाहेरचा’ ठरतो. गाववाले आणि बाहेरचे, ही आमच्याकडची जुनी रेघ. दिवसभर ‘बाहेरचा’ म्हणवून घेतलेला हाच मुलगा संध्याकाळी पानाच्या टपरीवर दुसऱ्याला ‘ए भय्या’ म्हणून हाक मारतो. विशेषणांची ही उतरंड माठांच्या उतरंडीसारखी आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक, आणि प्रत्येकाच्या पायाखाली एक.

हे सारे गमतीवारी सोडून देता आले असते, जर विशेषणे केवळ जिभेवर राहिली असती. पण ती पायात उतरतात. २००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा नाशिक-पुण्याकडून कामगार आगगाड्या भरभरून गावी गेले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा उठल्या, आणि बंगळूर-पुण्याहून हजारो मुलेमुली गुवाहाटीची गाडी पकडायला स्थानकांवर जमली. त्यांत मणिपूरचे होते, नागालँडचे होते, आसामचे होते. पण पाहणाऱ्याच्या लेखी ती सारी एका चेहऱ्याची. नाव पुसून चेहरा ठेवला म्हणजे भीतीचे काम सोपे होते. एकाला शोधावे लागत नाही, सगळेच सापडतात.

इथवर चिरंजिवांचा जय झाला असे वाटेल. मग जात, प्रांत, स्त्री-पुरुष हे शब्द उच्चारूच नयेत, हा नियम करून टाकावा काय? इथे मात्र मला माझ्या धंद्यातली पुस्तके आडवी येतात.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेचा तरुण नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. डोक्यावर छप्पर हवे असते, म्हणून आपली जात सांगत नाही. पुढे जात उघडी पडते, आणि मग त्याला मार खावा लागतो. या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे तिच्या नावातल्या एकाच क्रियापदाकडे लक्ष वेधायचे आहे. माणूस चोरतो ते दुसऱ्याचे. आपलीच वस्तू आपण कशी चोरणार? पण समाजाने अशी व्यवस्था केली की स्वतःची जात न सांगणे ही चोरी ठरली आणि सांगणे हा गुन्हा. त्या कथेत जातीचा उच्चार टाळल्याने नायकाची सुटका होत नाही, कारण गप्प बसण्याची पाळी त्याच्यावर आलेली आहे. ज्यांनी गप्प बसायला हवे ते विचारतच आहेत. म्हणून ‘जात काढायचीच नाही’ हा नियम ऐकायला उदार वाटला तरी तो कुणाच्या सोयीचा आहे, हे तपासावे लागते. पुष्कळदा तो त्याच्याच सोयीचा असतो, ज्याला जातीमुळे कधी खोली नाकारली गेली नाही.

याहून जुने उदाहरण तर आपल्या पुण्याचेच आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता नावाच्या मुलीचा निबंध छापून आला. मुलगी मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, वय अवघे चौदा वर्षांच्या आसपास. निबंधाचा विषय मांग-महारांचे दुःख. त्या निबंधात तिने आपल्या समाजातल्या बायकांच्या बाळंतपणाच्या हालांविषयी लिहिले, ज्यांच्या डोक्यावर अशा वेळीही छप्पर नसे. आता या निबंधातून जात आणि स्त्रीत्व काढून टाका. काय उरते? एक सर्वसाधारण माणूस सर्वसाधारण दुःखात असल्याचे एक सर्वसाधारण वाक्य! मुक्ताने स्वतःचे वर्णन जातीने आणि स्त्री म्हणून केले, तेव्हा तो अपमान नव्हता. ती साक्ष होती. दुसऱ्याने चिकटवलेले विशेषण आणि स्वतः उचलून धरलेले विशेषण, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

‘दलित’ या शब्दाची कहाणी याच वाटेने जाते. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. १९७२ साली दलित पँथर निघाली, तिने तर आपल्या नावाचा दुसरा अर्धा भाग अमेरिकेतील काळ्या लोकांच्या चळवळीकडून घेतला. त्या देशातही असेच झाले होते. तेथील पुढाऱ्यांनी ज्या शब्दाने एकेकाळी आपल्या लोकांचा गौरवाने उल्लेख केला तो पुढच्या पिढीने टाकला, आणि ‘काळा’ हा हिणवण्याचा शब्द स्वतः उचलून छातीवर लावला. आपल्याकडे २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील प्रकरणानंतर केंद्र सरकारने प्रसारमाध्यमांना ‘दलित’ शब्द टाळण्याची सूचना केली; तेव्हा तो आमचाच शब्द आहे, तो आमच्याकडून का काढून घेता, असे म्हणत त्या समाजातील कितीतरी लेखक-कार्यकर्ते उभे राहिले. उलट, १९५६ च्या धर्मांतरानंतर आम्ही बौद्ध आहोत, आम्हाला दलित म्हणू नका, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. यांत कोण बरोबर, हे ठरवणारा मी कोण? माझ्यासारख्याला एवढेच कळते की ज्याचे नाव ठरायचे आहे त्याला विचारले पाहिजे, आणि दोघांनी दोन उत्तरे दिली तर दोघांना दोन शब्दांनी बोलावले पाहिजे. त्यात आपला काही तोटा नाही.

फाळणीनंतर आलेल्यांचेही तसेच झाले. सरकारी कागदांत ते ‘निर्वासित’ किंवा ‘शरणार्थी’. पण त्यांच्यातील अनेकांना हा शब्द झोंबला. आम्ही शरण आलेले नाही, आम्ही कष्टाने पुन्हा उभे राहिलेले आहोत, म्हणून ‘पुरुषार्थी’ म्हणा, असे ते सांगू लागले. आमच्या यादीतला ‘सिंधी, दुकानवाले’ हा त्यांच्यापैकीच कुणाचा तरी नातू. त्याचा जन्म पिंपरीचा आहे. माझा नाही.

आता स्त्रियांकडे वळतो, कारण रेघेखालच्या यादीत ‘कामवाली’ आहे आणि आमच्या घरात एक सूनबाईही आहे, जी चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे.

१९७४ सालची एक गोष्ट आता सर्वांना ठाऊक झाली आहे; जिच्या बाबतीत ती घडली तिनेच ती लिहिली आहे. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने टेल्कोची एक जाहिरात पाहिली. जागा अभियंत्याची, आणि खाली तळटीप, की स्त्रियांनी अर्ज करू नये. तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीला पुण्याला बोलावणे आले, नोकरीही मिळाली. ही मुलगी म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती. त्या तळटिपेत शिवी नव्हती, टवाळी नव्हती. लिंगाचा निर्देश करणारा एक साधा शब्द होता. पण तो दाराला लावलेली कडी होता.

आता दुसरे चित्र पाहा. त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात अलीकडच्या वर्षांत मोटारगाड्यांच्या जुळणीची अशी एक साखळी उभी राहिली, जिच्यावर हजाराहून अधिक स्त्रियाच काम करू लागल्या. ही भरती करताना ‘स्त्रिया हव्यात’ असे म्हणावेच लागले असणार. इथेही शब्द लिंगाचाच आहे. पण पूर्वी ज्याने दार लावले, त्याच शब्दाने इथे दार उघडले. तेव्हा ‘स्त्री’ म्हणून उल्लेख करणे अपमानाचे की नव्हे, हे त्या शब्दाकडे पाहून कसे ठरणार? त्याने काय केले, ते पाहावे लागते.

सूनबाईंना मी विचारले, “तुला ‘लेडी इंजिनिअर’ म्हणतात त्याचं काय वाटतं?” ती म्हणाली, “पहिल्या वर्षी बरं वाटलं, बाबा. आमच्या विभागात मी पहिलीच होते. आता आम्ही सहाजणी आहोत. आता तो शब्द कशाला?” मग जरा थांबून म्हणाली, “त्यापेक्षा एक सांगते. पाळीच्या तक्त्यावर कुणाची कोणती जबाबदारी ते खडूने लिहितात. तीन पुरुष असले की तीन नावं. मी असले की तीन नावं आणि एक ‘मॅडम’.”

यावर मी बराच वेळ विचार केला. ‘मॅडम’ हा तर मानाचा शब्द. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असेल. पण उद्या यंत्र उत्तम चालले तर त्याचे श्रेय कुणाच्या नावावर मांडायचे? ‘मॅडम’ या नावाची बढती होत नसते. ‘पहिली स्त्री-डॉक्टर’, ‘पहिली स्त्री-अभियंता’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या ‘स्त्री’ शब्दात वाटेतल्या अडथळ्यांचा हिशेब असतो, आणि तो असलाच पाहिजे. १८८६ साली आनंदीबाई जोशींनी अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवली, हे सांगताना त्या स्त्री होत्या हे गाळणे म्हणजे त्यांची अर्धी कर्तबगारी गाळणे होय. पण सहाव्या, साठाव्या, सहाशेव्या बाईलाही तेच बिरूद चिकटवत राहिलो, तर तो हिशेब तिच्या वाटेचा राहत नाही. आपल्या न जाणाऱ्या नवलाचा होतो.

माझा निष्कर्ष मी शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत मांडतो, म्हणजे घरातल्या मुलांनाही कळेल. विशेषण नामाच्या शेजारी बसते तोवर ते बहुधा वर्णन असते. ‘आमच्या गेटवरचे अमुक अमुक, मूळचे आसामचे’, या वाक्यात कुणाचा अपमान नाही. उलट त्या माणसाचे घरदार, भाषा, मुलूख त्याच्याबरोबर आत येतात. पण विशेषण नामाला उठवून त्याच्याच पाटावर बसले, की वर्णन संपते आणि शिक्का सुरू होतो. ‘ए नेपाळी’ यात माणूस उरत नाही. जात, प्रांत वा चेहरा तेवढा उरतो. आणि ज्याचे वर्णन कधीच होत नाही, तो कोण, हेही जाता जाता पाहावे. ‘मराठी पुरुष अभियंता’ असे मी आजवर कुठे वाचले नाही. आपल्या कथांतून नायकाला नाव, मन, भूतकाळ, सगळे मिळते. आणि दारावरचा गुरखा, नाक्यावरचा भय्या, हॉटेलातला अण्णा हे दोन ओळींची करमणूक करून निघून जातात. त्यांना नावे देण्याइतकी शाई आपल्यापाशी नव्हती असे नाही. विचारण्याचे सुचले नाही.

राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. त्यावर पुष्कळांनी नाके मुरडली, की नाव बदलून नळाला पाणी येते काय? येत नाही, हे कबूल. पण ज्या मुलाला पत्ता सांगताना दरवेळी आपली जात सांगावी लागे, त्याला आता पत्ता विचारला तर पत्ताच सांगता येतो. जात सांगायची की नाही, हे त्याचे त्याच्याकडे आले. हक्क म्हणतात तो एवढाच, आणि तो थोडा नव्हे.

हे सारे मला पुस्तकांतून समजले असे सांगितले तर ते खोटे होईल. यंदा श्रावणात एका रात्री आमच्या गेटवरचा रखवालदार तापाने फणफणून खुर्चीवरून खाली घसरला. चिरंजिवांनी त्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेले. खिडकीवरच्या माणसाने कागद पुढे ओढून विचारले, नाव? चिरंजिवांनी मला फोन केला. मी सोसायटीच्या चेअरमनला केला. त्यांनी सेक्रेटरीला केला. तीन वर्षे तो माणूस आमची दारे राखत होता, आमच्या नातवंडांना शाळेच्या बसमध्ये बसवत होता, आणि ‘जात-प्रांत काढायचा नाही’ म्हणणाऱ्या माझ्या मुलालाही त्याचे नाव ठाऊक नव्हते. त्याने कधी त्याला ‘नेपाळी’ म्हटले नव्हते. काहीच म्हटले नव्हते. शेवटी ठेकेदाराकडून नाव मिळाले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. गडी नेपाळचा नव्हताच. आसामातला बोडो होता.

चार दिवसांनी मी त्याला पाहायला गेलो. मला पाहताच तो उठून बसू लागला आणि शेजारच्या खाटेवरच्याला म्हणाला, “ये हमारे चारसो दो है.” चारशे दोन हा आमच्या घराचा क्रमांक. म्हणजे त्याच्याही वहीत मला नाव नव्हते! मला हसू आले, आणि हसू आल्यावर एकदम बरेही वाटले. आम्ही दोघांनी तिथेच एकमेकांना नावे सांगितली. त्याने माझ्या नावाचा उच्चार चुकवला, मी त्याच्या. दोनदा-तीनदा घोकल्यावर दोघांनाही जमले.

यंदाची यादी काल रात्री झाली. आमच्या मंडळींनी ती सूनबाईंच्या हाती दिली आणि सूनबाई दोन दिवस जिन्यावरून खालीवर करत होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड आंध्रातले निघाले; मद्रासशी त्यांचा संबंध लग्नाची साडी घेण्यापुरता. दूधवाल्यांचे नाव कळले. कामाला येणाऱ्या मावशींचे नाव तर आम्हाला ठाऊकच होते, रोज हाकेत असते; लिहिताना मात्र दरवर्षी ‘कामवाली’ होत असे. ही नावे मी इथे छापत नाही. ती ज्यांची त्यांची आहेत; डब्यांवर लिहिली, तेवढे पुरे.

रेघेखालची बाजू अशी नीट झाल्यावर मंडळी समाधानाने यादी घडी करू लागल्या, तेव्हा सूनबाईंनी बोट वरच्या बाजूला नेले. “आणि पाटील वहिनींचं नाव काय?”

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. वीस वर्षांचा शेजार. पाटलांचे नाव माहीत, त्यांच्या वडिलांचे माहीत, दोन्ही मुलांचे माहीत. वहिनींचे नाव दोघांनाही आठवेना. आठवेना म्हणणेही चूक; कधी विचारलेच नव्हते.

आमच्या मंडळी तशाच उठल्या, पायांत चपला सरकवून पलीकडे गेल्या. दार उघडे असल्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. आधी थोडा वेळ काहीच नाही. मग वहिनींचा आवाज आला, “अहो, आज काय एकदम?” आणि दोघीही हसत बसल्या. परत येऊन मंडळींनी पेन्सिल घेतली, ‘पाटील वहिनी’ खोडले नाही, त्याच्या आधी एक शब्द लिहिला.